शनिवारचा बिघाड

चष्मेवाल्याला आपल्या धाकट्या भावाच्या बायकोचा मत्सर वाटतो, हे त्याच्याआधी त्याच्या आईला कळलं.

लग्न करून धाकटा वेगळ्या घरात राहायला गेला, त्याला फार दिवस झाले नव्हते. रविवारची दुपार होती. जेवण उरकून चष्मेवाला खिडकीपाशी बसला होता आणि मांडीवरच्या फोनकडे उगाचच पाहत होता. आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "बघून फोन वाजत नसतो. लग्न त्याचं झालंय, आणि सासरी पाठवल्यासारखं तोंड तू केलंयस."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तेच तर. काही म्हणाला असतास तर बरं झालं असतं."

आईच्या तोंडाला कोण लागणार? चष्मेवाला उठला आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हतीच.

या कोपऱ्यावर दोन्ही भावांचे आजवरचे सगळे रविवार गेले होते. कॉम्प्युटर थोरल्यानेच इकडचा एक, तिकडचा एक असे भाग जमवून उभा केला होता आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. का, तर त्याचा हट्ट. जे सगळे वापरतात ते आपण वापरायचं नाही, असं एक खूळ काही माणसांच्या डोक्यात जन्मतःच असतं, त्यातलं हे. आता गंमत अशी की बाजारातले बहुतेक खेळ बनतात विंडोजसाठी. ते लिनक्सवर चालवायचे तर दोघांच्या मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम बसवावा लागतो. खेळ आपल्या भाषेत काहीतरी मागतो, दुभाषा ते लिनक्सला समजावून सांगतो. पण दुभाषे शंभर तऱ्हेचे आणि खेळांचे रुसवे हजार. या खेळाला जुना दुभाषा हवा, त्याला नवा हवा. एकाला दुभाषा पटतो, तर त्याचा आवाजच बंद होतो. हे रुसवे काढण्यात थोरल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो तासन्‌तास पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड टाकत बसायचा, आणि खेळ सुरू झाला की खुर्ची धाकट्याला द्यायचा. चूल एकाने पेटवायची आणि जेवायचं दुसऱ्याने, अशी ही वाटणी. स्वतः खेळण्यात चष्मेवाल्याला कधी रस नव्हता. त्याची बोटं काचा घासण्यात तरबेज, पण खेळातला माणूस त्याच्या हाती दिला की तो भिंतीवर जाऊन आपटायचा.

लग्नात त्याने धाकट्याला नवा कॉम्प्युटर जुळवून दिला. टॅक्सीत तो मांडीवर घेऊन गेला, ड्रायव्हर डिकीत ठेवा म्हणाला तरी ऐकलं नाही. त्यावरही अर्थात लिनक्स. आणि त्यात गुपचूप नव्हे, धाकट्याला सांगूनच, त्याने स्वतःचं एक खातं ठेवलं. काही अडलं तर दुकानात बसल्या बसल्या नेटवरून आत शिरून दुरुस्त करता यावं, एवढाच हेतू. तेव्हा खरंच एवढाच होता.

मत्सराची पहिली ठिणगी पडली ती त्या घरी पहिल्यांदा चहाला गेला तेव्हा. पडद्यासमोर दोन कंट्रोलर. एक धाकट्याच्या हातात, दुसरा धाकटीच्या. भावाच्या बायकोला तो मनातल्या मनात धाकटीच म्हणायचा. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून. खेळ होता दोन हमालांचा. दोघांनी मिळून एक सोफा अरुंद दारातून बाहेर काढायचा. सोफा अडकला की धाकटा ओरडायचा, "डावीकडे घे, अगं तुझ्या डावीकडे," आणि ती मुद्दाम उजवीकडे घ्यायची. मग दोघं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची. चष्मेवाला बाजूच्या खुर्चीत कपबशी सांभाळत बसला होता. धाकटा असा हसतो हे त्याला माहीतच नव्हतं. आपल्याकडे खेळताना तो गप्प असायचा.

"भाऊजी, तुम्ही घेता का?" तिने कंट्रोलर पुढे केला.

"नको, चालू दे तुमचं."

हा खेळ कुठल्या दुभाष्यावर चालतोय, कंट्रोलर ओळखायला लावताना किती डोकेफोड झाली, हे कुणीही विचारलं नाही. दिवा लागतो तेव्हा वायरमनची आठवण कोण काढतं? आपण खपून सजवलेल्या ताटावर ही आयती येऊन बसली, असं त्याला स्पष्ट वाटलं आणि चहा कडू लागला.

पुढे एकदा एक अपडेट आलं आणि खेळ आपोआप बंद पडला. त्यात कुणाचा हात नव्हता. धाकट्याचा फोन आला, "दादा, तूच ये बाबा. तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही." हे वाक्य चष्मेवाल्याने जिना उतरताना मनात घोळवलं, बसमध्ये घोळवलं, त्यांच्या दारात बेल दाबतानाही घोळवलं. तो रविवार काय वर्णावा. धाकटा लहानपणीसारखा शेजारी स्टूल घेऊन बसला. मध्येच टॉर्च धरू का म्हणाला, पडद्यावरच्या कामाला टॉर्च कशाला, पण लहानपणी तो धरायचा. धाकटी पलीकडे कंट्रोलर मांडीवर घेऊन थांबली होती, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. चष्मेवाल्याने काम सावकाश केलं. जितकं सावकाश करता येईल तितकं. मग त्यांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं. निघताना धाकट्याने खांद्यावर हात टाकला.

पुढच्या रविवारी काहीच बिघडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालत होता आणि त्याचा चष्मेवाल्याला मनापासून राग आला.

तेव्हा एका शनिवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्या वेळेला ती दोघं मशिन चालूच ठेवून न चुकता तिच्या आईकडे जेवायला जातात हे ठाऊक होतं, तेव्हा त्याने गल्ल्यामागच्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडली, धाकट्याच्या मशिनमध्ये शिरला आणि हमालांच्या खेळाचा दुभाषा बदलून जुना बसवला. एका ओळीचं काम. बाहेर पडला, हात धुतले, आणि एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या चष्म्याचा स्क्रू पिळत बसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, चष्मा न्यायला आलेले शिक्षक नुसते "काय, आज लवकर झालं काम?" म्हणाले तरी तो दचकला.

रविवारी सकाळी फोन आला, "दादा, परत गेलं रे."

मग त्याला चटकच लागली. एका शनिवारी आवाज घालवला. एकदा कंट्रोलरची परवानगी काढून घेतली, म्हणजे कंट्रोलर जोडलेला दिसायचा, पण बटण दाबून हमाल हलायचा नाही. बिघाडाची निवडही तो आता मन लावून करायचा. फार मोठा नको, धाकटा घाबरेल. फार बारीकही नको, स्वतःच करून बसेल. जेवणाच्या वेळेपर्यंत पुरेल एवढा हवा. रविवारची दुरुस्तीही तो मुद्दाम कच्चीच ठेवायचा, पुन्हा अडेल अशी. आई विचारायची, "त्याचं ते यंत्र दर आठवड्याला कसं रे आजारी पडतं?" चष्मेवाला म्हणायचा, "लिनक्स आहे, आई. चालायचंच." बिचाऱ्या लिनक्सवर असा आळ घेताना त्याला जरा वाईट वाटायचं. भावाला फसवतोय याचं मात्र वाटायचं नाही. जे आपलंच होतं ते थोडं थोडं परत आणतोय, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

धाकटी या सगळ्यात फारसं बोलायची नाही. त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहायची. एकदा तिने हात पुढे केला, "मी बघू का जरा?" तर धाकटा म्हणाला, "तू थांब, दादा बघेल." ते वाक्य चष्मेवाल्याने आठवडाभर पुरवून पुरवून खाल्लं.

आणि मग एका बुधवारी, दुकान भरलेलं असताना, फोन आला. धाकट्याचा आवाज थकलेला होता.

"दादा, मी ठरवलंय. या रविवारी त्याच्यावर विंडोज टाकतो."

"काय?"

"अरे, पुरे झालं आता. दर शनिवारी आम्ही हौसेने घरी येतो, लावतो आणि काहीतरी बंद. शाळेत आठवडाभर पोरांना गणित शिकवून डोकं पिकतं, एक दिवस खेळायचं तर हे. हिनेच सुचवलं, आणि पटलं मला. तुलाही किती त्रास होतो, दर रविवारी धावत येतोस. आता तुझी सुटका."

"मला कसला त्रास..."

"नाही, तू म्हणणारच नाहीस. म्हणून मीच म्हणतोय."

फोन ठेवल्यावर समोरची बाई म्हणाली, "अहो, ही काच माझी नाही." त्याने तिच्या फ्रेममध्ये दुसऱ्याच कुणाची तरी जाड काच बसवली होती. बाईला सगळं जग वाकडं दिसत होतं, आणि त्या घटकेला त्यालाही.

विंडोज म्हणजे सगळं आपोआप चालणार. दुभाषा नको, काळी खिडकी नको, त्याचं खातंही पुसलं जाणार. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, तोही नेम धरून. आणि सुचवलं कुणी, तर तिने. जळफळाट म्हणजे काय ते चष्मेवाल्याला त्या रात्री जेवताना कळलं. आईने दोनदा विचारूनही त्याने पुन्हा वाढून घेतलं नाही.

एकच उपाय होता. रविवारच्या आत ते यंत्र असं सुधारायचं, की धाकटा म्हणेल, राहू दे, कशाला बदलायचं. नुसतं आपण मोडलेलं जोडून भागणार नव्हतं, वर काहीतरी द्यायला हवं होतं. धाकट्याने हौसेने घेतलेला एक खेळ तसाच पडून होता: एक खलाशी, एक शिडाचं जहाज आणि न संपणारा समुद्र. तो कुठल्याच दुभाष्यावर कधी चालला नव्हता, थोरल्यानेही हात टेकले होते. आता त्याने काचा घासता घासता जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या चर्चा चाळल्या. शेवटी दूरदेशीच्या कुणीतरी लिहिलेला तोडगा सापडला. शनिवारी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन तो धाकट्याच्या मशिनमध्ये शिरला. आधी जुने सगळे उपद्व्याप निस्तरले. आवाज परत दिला, हमालांना त्यांचा खरा दुभाषा दिला. मग समुद्राचा खेळ हाती घेतला, आणि कपाळावरचा घाम पुसत शेवटची ओळ टाकणार, तोच त्याच्या काळ्या खिडकीत आपोआप अक्षरं उमटली. त्याने टाइप न केलेली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं ते:

"भाऊजी, चहा टाकू का?"

चष्मेवाल्याची पाचावर धारण बसली. लिनक्सवर एकाच मशिनमध्ये शिरलेल्या दोघांना एकमेकांच्या खिडकीत असा निरोप लिहिता येतो, ही जुनी सोय त्याला माहीत होती. पण ती कुणी त्याच्यावर वापरेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. ती घरी होती. कॉम्प्युटरसमोर होती. आणि कोण आत शिरलंय ते बघायची कमांड तिला येत होती.

त्याने मग लिहिलं, "आज आईकडे गेली नाहीस?"

"सर्दी झालीय. तो एकटाच गेला. आज काय मोडताय?"

"आज जोडतोय. देवाशपथ."

मग उमटलं, "उद्या या. बोलू."

इतके शनिवार मोडताना सापडला नाही, आणि जोडताना सापडला. चष्मेवाल्याने शेवटची ओळ टाकली आणि खिडकी बंद केली. ती धाकट्याला आत्ताच फोन करत असेल, असं त्याला संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

रविवारी तो गेला तेव्हा धाकटा आंघोळीला गेला होता. धाकटी स्वयंपाकघरात, नाक लाल, गळ्याला मफलर. तिने स्टूल पुढे सरकवलं.

"त्याला सांगितलंस?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. अपडेट आलं तर वस्तू नवी होते, भाऊजी. आपोआप जुनी होत नाही. आमच्या लॅबमधली सगळी मशिनं लिनक्सवरच आहेत, बंद पडली की मीच बघते. तुमचे सगळे बिघाड मला चहा उकळेपर्यंत काढता आले असते."

"मग काढले का नाहीस?"

तिने गॅस बारीक केला. "मला कुणी काढू दिलं? 'तू थांब, दादा बघेल.' तुम्ही ते ऐकून कसे खूश झालात, ते बघितलंय मी. मला काय वाटलं असेल? लग्न झाल्यापासून ऐकतेय. दादाने असं केलं असतं, दादाला विचारू, दादा असता तर. या घरात पाहुणी मी आहे की तुम्ही, तेच कळेना. तुमचा मला इतका राग यायचा, की तुम्ही जिना चढताना चपलांचा आवाज आला तरी डोकं उठायचं."

आपला कुणाला मत्सर वाटू शकतो, हे चष्मेवाल्याला उभ्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर आतून जरा गोडच वाटलं.

"म्हणून विंडोज?"

"म्हणून विंडोज. तुमचा काटा काढायचा होता. तुम्ही स्वतःच मोडून मोडून माझं काम सोपं करत होतात, मी कशाला अडवू?"

तेवढ्यात धाकटा डोकं पुसत बाहेर आला, भावाला बघून हसला आणि म्हणाला, "आलास? बरं झालं. लिनक्स जायच्या आधी एकदा बघू, काय चालतंय, काय नाही." त्याने कॉम्प्युटर लावला. हमाल चालले, आवाज आला. त्याने भुवया उंचावल्या. मग सहज म्हणून समुद्राच्या खेळावर बोट ठेवलं, आणि पडदाभर निळं पाणी पसरलं.

"दादा," तो एवढंच म्हणाला. त्याने वळून थोरल्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्यासाठी चष्मेवाल्याने सगळे शनिवार परत केले असते. "हे चाललं? मग विंडोज गेलं खड्ड्यात."

चष्मेवाल्याने धाकटीकडे पाहिलं. जिंकल्यासारखं पाहिलं, खोटं कशाला बोला.

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली आणि कानांवर हेडफोन चढवले. "दोनच मिनिटं हां, हे बेट येऊ दे."

बेट आलं. त्याच्या मागून दुसरं आलं. जेवण निवलं, आणि धाकट्याने पडद्यावरची नजर न काढता हाताला लागलं ते तोंडात घातलं. धाकटीने चहा पुढे केला, त्याने घेतला. कुणी दिला ते पाहिलं नाही. थोरल्याने विचारलं, "जहाज नीट वळतंय ना?" उत्तर आलं नाही. हा खेळ एकट्याचा होता. दुसरा कंट्रोलर टेबलावर पडून होता, आणि धाकटा कुठल्याशा वाऱ्यासाठी शिडं सोडत होता, सुखी, गप्प.

सोफ्यावर दोघं मागे बसली, दोन टोकांना. समोर धाकट्याची पाठ. चष्मेवाल्याला त्या मानेवरचा तीळ दिसत होता. हा तीळ त्याला भावाच्या चेहऱ्याहून जास्त पाठ होता. का, ते आत्ता उमजलं. घरच्या त्या कोपऱ्यात, इतके रविवार, खुर्ची देऊन झाल्यावर त्याने हीच मान बघितली होती. भाऊ आपल्याबरोबर खेळतोय असं तो समजत होता, आणि भाऊ नुसता खेळत होता. तो जुना मत्सर पुन्हा उठला. पण या वेळी तो धाकटीकडे गेला नाही, सरळ त्या निळ्या पाण्याकडे गेला. एका खलाशाने आपला भाऊ नेला. आणि त्या खलाशाला घरात कुणी आणलं?

धाकटीही तिकडेच बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटले होते. हा चेहरा चष्मेवाल्याच्या ओळखीचा होता. दुकानातल्या आरशात तो त्याने बरेच शनिवार पाहिला होता.

बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "भाऊजी, हे जहाज बुडवायला काय लागतं?"

"एक ओळ."

"मला सांगा. माझ्या खात्यातून करते. तुमच्यावर आळ नको."

"आणि रविवारी?"

"रविवारी तुम्ही या दुरुस्त करायला. जेवायलाच या. पण खुर्चीत मी बसणार, तुम्ही स्टुलावर. तो मध्ये."

चष्मेवाल्याने विचार केला. "खुर्चीसमोर कीबोर्ड असतो."

"म्हणून तर."

तो तिच्याकडे पाहत राहिला. ही बाई आपली खुर्ची मागतेय, तीही तोंडावर. मग त्याने पडद्याकडे पाहिलं. तिसरं बेट येत होतं. तो सोफ्यावर तिच्या बाजूला थोडा सरकला आणि ती ओळ तिला हलक्या आवाजात, अक्षर अक्षर सुटं करून सांगितली.